तेल गेलें, पेंडहि गेली



तेलहि गेलें, तूपहि गेलें आणि हातीं धुपाटणें राहिलें, ही म्हण आपल्या घराघरांतून ऐकूं येते. आज मी जी हकीकत सांगणार आहें ती या म्हणीच्या जवळपास जाणारी आहे. फरक इतकाच कीं, तींत तुपाच्या ठिकाणीं पेंड आहे, आणि नुकसान झालें तें एका घराचें नसून दोन तालुक्यांचें आहे. पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास, दक्षिणेकडील नीरा व उत्तरेकडील भीमा या नद्यांच्या दरम्यान, बारामती आणि इंदापूर हे तालुके आहेत. त्यांचें नांव काढतांच आज आपल्या डोळ्यांपुढें ऊंस आणि साखरेचे कारखाने उभे राहतात. परंतु कालव्याचें पाणी येण्यापूर्वीं हा मुलूख ज्वारी-बाजरीचा आणि त्यांच्या जोडीनें पिकणाऱ्या तेलबियांचा होता. या तेलबियांचें पीक वाढावें आणि थोड्या पाण्यांत वाढावें, यासाठीं गेल्या शंभर वर्षांत जे प्रयत्न झाले त्यांची कथा आपण नीट पाहिली पाहिजे.

प्रथम पावसाची गोष्ट. ज्या डोंगरांत नीरेचा उगम होतो तेथें पाऊस धो धो कोसळतो. पण तेच ढग पूर्वेकडे सरकत बारामती-इंदापुरापर्यंत येतात तेव्हां त्यांची शिदोरी बहुतेक संपलेली असते. या दोन तालुक्यांत वर्षाचा पाऊस सरासरीनें वीस इंचांच्या आसपास पडतो. तोहि वेळेवर येईल असा भरंवसा नाहीं. जून-जुलईंत चार सरी पडाव्या, मग महिनाभर आभाळ कोरडें राहावें आणि भाद्रपदांत एकदम झोड उठावी, हा येथील नेहमींचा अनुभव. म्हणून येथल्या शेतकऱ्यांनीं जमिनीचे दोन भाग मानले. माळावरील मुरमाड, हलक्या जमिनींत पावसाळ्यांत बाजरी, मटकी, तीळ, कारळा हीं पिकें घ्यावयाचीं. आणि नदीकांठच्या खोल काळ्या जमिनी पावसाळाभर कुळवून ठेवून, त्यांत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी, हरभरा व करडई पेरावयाची. शेताला पाणी द्यावयाचें नाहीं; शेतांत सांठलेलें पाणी काटकसरीनें खर्चावयाचें, ही येथील शेतीची मूळ विद्या होय.

जमिनीची खोली हीच तिची श्रीमंती, ही गोष्ट सरकारलाहि येथेंच शिकावी लागली. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें पाहणी करून जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचे हिशेब मांडले आणि १८३० सालीं इंदापूर तालुक्यांत नवी आकारणी लागू केली. कागदावर हिशेब निर्दोष दिसत होता. पण पिकाला तो मान्य नव्हता. सारा झेपेना म्हणून पुष्कळ शेतकरी जमिनी टाकून परागंदा झाले. अखेर १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापुराची फेरपाहणी केली व तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी ठरविली. मुंबई इलाख्यांतील सर्व जमाबंदीचा पाया अशा रीतीनें इंदापुरांत घातला गेला. १८४७ च्या संयुक्त अहवालांत ही पद्धत पक्की झाली, तेव्हां जमिनीची प्रत तिचा रंग आणि तिची खोली पाहून ठरूं लागली. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची, आणि खोली जसजशी कमी होई तसतसे आणे कमी. याचें कारण उघड होतें. या देशांत पिकाचें नशीब जमिनींत ओल किती मुरते आणि किती दिवस टिकते यावर अवलंबून आहे. शेतकऱ्याला जें पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें तें आतां सरकारी कोष्टकांत आलें.

या ओलीच्या हिशेबांत तेलबिया चपखल बसत. करडईचेंच उदाहरण घ्या. तिचें सोटमूळ पांच-सहा फूट खोल जातें. ज्वारीच्या मुळांना जी खालची ओल लाभत नाहीं ती करडई वर ओढते. म्हणून ज्वारीच्या शेतांत करडईचे पट्टे धरण्याची चाल पडली. वर्ष वाईट निघालें तर ज्वारी करपे, पण करडई कांहींतरी हातीं देई. शिवाय शेताच्या कडेनें करडई पेरली म्हणजे तिच्या कांट्यांमुळें गुरें आंत शिरत नसत. कुंपण, विमा आणि फोडणी अशीं तीन कामें एकटी करडई करी!

आतां पेंडीकडे वळूं. गांवोगांवीं तेल्याचा घाणा असे. शेतकरी बी नेऊन देई, तेल घरीं येई, आणि पेंड बैलाच्या व म्हशीच्या दावणींत जाऊन शेणाच्या रूपानें पुन्हां शेतांत पडे. ही साधी दिसणारी व्यवस्था शास्त्राच्या कसोटीवर पारखली तर तिचें मोल कळतें. तेल हें कर्ब, उज्ज आणि प्राण या तीन द्रव्यांचें बनलेलें असतें, आणि झाड हीं तिन्ही हवेंतून व पाण्यांतून घेतें. जमिनींतून जें नत्र, स्फुरद व पालाश पीक उचलतें त्याचा तेलांत जवळजवळ अंशहि नसतो. बियांतील तें सारें पेंडींत उतरतें. साध्या शेणखतांत नत्राचें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतें. एरंडीच्या पेंडींत तें शेंकडा चाराहून अधिक आणि भुईमुगाच्या पेंडींत शेंकडा सुमारें सात असतें. याचा अर्थ असा कीं, शेतकऱ्यानें तेल विकलें तर शेताचें फारसें बिघडत नाहीं. पण बी विकलें तर त्याबरोबर शेताचा कसहि विकला जातो.

आणि झालें तें नेमकें हेंच. १८६० सालीं आगगाडी दौंडावरून सोलापुरास पोंचली. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. मुंबईच्या बंदरांतून तेलबिया युरोपांत, विशेषतः फ्रान्समधील मार्सेय येथील गिरण्यांकडे, जाऊं लागल्या. साऱ्याचा हप्ता रोखीनें भरावयाचा, म्हणून सुगीच्या दिवसांत माल सावकाराच्या ओट्यावर ओतावयाचा, हा रिवाज पडला. इंदापुरची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ सालीं सारा वाढला होता, त्यांत कापसाचे भाव कोसळले. आणि १२ मे १८७५ रोजीं, आज बारामती तालुक्यांत असलेल्या सुपें गांवच्या बाजारांत, शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दुकानें फोडून कर्जरोखे जाळले. कर्जाची गोष्ट सर्वांना दिसली. जमिनीचें कर्ज मात्र कोणत्याच वहींत लिहिलें जात नव्हतें. तें दाखवून दिलें डॉक्टर व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञानें. हिंदी शेतीची पाहणी करण्यासाठीं १८८९ सालीं तो विलायतेहून आला, आणि १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत, तेलबियांची निर्यात म्हणजे जमिनीच्या कसाचीच निर्यात होय, असें त्यानें स्पष्टपणें मांडलें.

याच सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानें या भागाची वाताहत केली होती. त्यानंतर भोरजवळ भाटघर येथें धरण बांधण्याचें काम निघालें, आणि १८८५ च्या सुमारास पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून सुमारें शंभर मैल जाणारा कालवा सुरू झाला. दुष्काळांत माणसें व गुरें वांचविणारें हें काम होतें, याविषयीं शंका नाहीं. आरंभीं शेतकरी कालव्याचें पाणी घेण्यास फारसे राजी नव्हते. पाऊस ओढ देईल तेव्हांच ते अर्ज करीत. पुढें ऊंस आला आणि चित्र पालटलें. पाण्याची नासाडी होऊं लागली, तेव्हां पुणें भागांत कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं नीरा कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' आणली. उसाचें क्षेत्र ठराविक पट्ट्यांत बांधून द्यावयाचें आणि त्यांत पिकांची फेरपालट ठेवावयाची, जेणेंकरून पाणी थोड्यांच्या हातीं सांचणार नाहीं व जमीनहि चिबडणार नाहीं, असा तिचा हेतु. १९२८ सालीं भाटघरचें नवें, मोठें धरण पुरें झालें आणि पाण्याची टंचाई बरीच दूर झाली.

पण उसाला पाण्याइतकेंच खतहि लागतें. मांजरी येथील सरकारी प्रयोगक्षेत्रावर उसाला भुईमुगाची पेंड व अमोनियम सल्फेट हीं वरखतें देण्याची पद्धत बसविण्यांत आली. १९३२ सालीं नीरेच्या खोऱ्यांत पाडेगांव येथें ऊंस संशोधन केंद्र स्थापन झालें. बागाइतदार उसाच्या सरींत पेंडीचीं पोतीं रिकामीं करूं लागले. ही पेंड कोठून येई? ज्या कोरडवाहू शेतांत भुईमूग, करडई, एरंडी पिकत, त्या शेतांतून. पूर्वीं बी परदेशीं जात होतें. आतां पेंड जवळच्याच कालव्याखालीं जाऊं लागली. माळावरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें दोन्ही सारखेंच. त्याला कालव्याचें पाणी मिळालें नाहीं, आणि त्याच्या शेतांतला कस मात्र कालव्याच्या पाण्याशेजारीं जाऊन बसला.

बरें, ज्याला पाणी व पेंड दोन्ही मिळालीं तो तरी निर्धास्त राहिला काय? तसेंहि नाहीं. पाणी अतोनात दिल्यानें खालचे क्षार वर आले व बारामतीच्या आसपासच्या सुपीक जमिनी पांढऱ्या पडूं लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य डॉक्टर हॅरल्ड मॅन व श्री. ताम्हणे यांनीं १९१० सालीं नीरेच्या खोऱ्यांतील खारट जमिनींवर एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. जी करडई उसानें हाकलून दिली तीच करडई क्षार बऱ्यापैकीं सोसणारीं जीं थोडीं पिकें आहेत त्यांत मोडते, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आतां कोरडवाहू शेतकऱ्याच्या मदतीस शास्त्र कसें आलें तें पाहूं. १९२३ च्या सुमारास मांजरी येथें कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग सुरू झाले, आणि १९३३ सालीं सोलापूर व विजापूर येथें त्यासाठीं स्वतंत्र केंद्रें निघालीं. या कामांत रावबहादुर ना. वि. कानिटकर यांचें नांव अग्रगण्य आहे. १९४४ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा 'हिंदुस्थानांतील कोरडवाहू शेती' या विषयावरील इंग्रजी ग्रंथ बराच काळ प्रमाण मानला जात असे. पडलेल्या पावसापैकीं किती पाणी वाहून जातें, किती वाफ होऊन उडतें आणि किती खरोखर पिकाच्या पोटांत जातें, याचें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोजमाप केलें. पिकाच्या वाट्यास येणारा हिस्सा फारच थोडा असतो, असें आढळून आलें. म्हणजे दोष केवळ आभाळाचा नव्हता. आलेला पैसा घरांत टिकत नसेल तर पगार वाढवून काय होणार?

यांतून जी 'मुंबई कोरडवाहू पद्धत' निघाली तिचीं कलमें साधीं होतीं. उतारास आडवे, समपातळींत बांध घालावे. तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट करावी. एकरीं सुमारें पांच गाड्या शेणखत द्यावें. बियाणें कमी वापरावें व दोन ओळींतलें अंतर वाढवून अठरा इंचांपर्यंत न्यावें. आणि पीक उभें असतां तण असो वा नसो, तीन-चार कोळपण्या द्याव्या. 'एक कोळपणी आणि अर्धें पाणी' असें शेतकरी म्हणत आला. वरची भुसभुशीत माती भेगा बुजवून खालची ओल कशी राखते, हें आतां प्रयोगानें सिद्ध झालें. १९४२ सालीं मुंबई सरकारनें जमीन सुधारणेचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीला चालना मिळाली.

येथें एक शंका पुष्कळांना येते. पाणी जर तेवढेंच आहे, तर खत घालून व अंतर बदलून पीक वाढेल कसें? वर्गांतील मुलाला सांगावें तसें सांगतों. शेतांतील ओल दोन वाटांनीं जाते: उघड्या मातींतून वाफ होऊन, आणि रोपाच्या पानांतून. पहिली वाट निव्वळ नुकसानीची. दुसऱ्या वाटेनें गेलेलें पाणीच दाण्याच्या कामीं येतें. रोपाला सुरवातीस स्फुरद मिळालें तर मूळ लवकर खोल जातें, पानें लवकर पसरून मातीवर सावली धरतात, आणि पहिल्या वाटेचें पाणी दुसऱ्या वाटेला लागतें. पण यालाहि मर्यादा आहे. नत्र वाजवीपेक्षां अधिक दिलें, किंवा रोपें दाट ठेवलीं, तर पीक ओलीचा सारा सांठा पहिल्या दोन महिन्यांतच पिऊन टाकतें आणि दाणा भरण्याच्या वेळीं जमीन कोरडी पडते. म्हणून थोडीं रोपें, पोटभर पण बेताचें खत आणि योग्य वेळेची पेरणी, या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. त्यांतली एक सोडून दुसरी केली तर फायद्याऐवजीं तोटा होतो. आणि उपदेश ऐकूनहि अनेक शेतकऱ्यांचा विश्वास उडाला त्याचें एक कारण हेंच असावें.

बियाण्यांतहि सुधारणा झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगामुळें भुईमूग या इलाख्यांत जवळजवळ बसला होता. तेव्हां शेतकी खात्यानें स्पॅनिश व जपानी जातींचें बी आणून त्याला पुन्हां उभें केलें. या जाती लवकर तयार होणाऱ्या, म्हणून पावसानें दगा देण्यापूर्वींच शेंगा हातीं येत. स्वातंत्र्यानंतर १९६७ सालीं तेलबियांवर अखिल भारतीय समन्वित संशोधन सुरू झालें, १९६८ सालीं महात्मा फुले कृषि विद्यापीठ निघालें, आणि १९८२ सालीं सोलापूरच्या केंद्रानें करडईची 'भीमा' ही जात दिली. जळगांवच्या केंद्रानें भुईमुगाची 'फुले प्रगति' दिली. १९८६ सालीं केंद्र सरकारनें तेलबियांची राष्ट्रीय मोहीम काढली. आज विद्यापीठ कोरडवाहू करडईसाठीं दोन ओळींत ४५ व दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर आणि हेक्टरीं ५० किलो नत्र व २५ किलो स्फुरद सांगतें. कानिटकरांच्या अठरा इंचांशीं हें अंतर ताडून पाहा, तें तंतोतंत जुळतें. भुईमुगाला नत्र निम्में आणि स्फुरद दुप्पट, कारण आपलें नत्र तो मुळांवरील गांठींतून हवेंतूनच घेतो. आऱ्या जमिनींत शिरूं लागल्या म्हणजे त्याला जिप्सम देतात. त्यांतील चुन्यानें शेंग पोसते व गंधकानें तेल वाढतें. रुंद वरंब्यावर पेरून तुषार सिंचनानें पाणी दिल्यास थोडक्या पाण्यांत माती भुसभुशीत राहते आणि शेंगा चांगल्या धरतात.

बारामतीनेंहि या कामांत आपला वांटा उचलला आहे. १९७१ सालीं तेथें कृषि विकास प्रतिष्ठान स्थापन झालें, आणि २००९ सालीं माळेगांव येथें अवर्षण, क्षार, उष्णता यांसारखे पिकावरील ताण अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था केंद्र सरकारनें काढली. जिथें कालव्याच्या पाण्यानें जमिनी खारावल्या आणि माळावर पाण्यावांचून पिकें करपलीं, तिथेंच ही संस्था असावी, हें उचित झालें.

मग आज त्या माळावर करडई पिवळी फुललेली दिसते काय? फारच थोडी. महाराष्ट्रांत करडईचें क्षेत्र गेल्या कांहीं दशकांत झपाट्यानें आटलें. आणि देशाला लागणाऱ्या खाद्यतेलांपैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें. शास्त्र कमी पडलें म्हणून हें झालें असें मला वाटत नाहीं. उसाला कारखाना दाराशीं आहे, त्याचा भाव ठरलेला आहे. करडई काढावयाची तर कांट्यांनीं हात फाटतात, आणि ती विकत घेणारा घाणा गांवांत उरलेला नाहीं. शेतकऱ्यानें ऊंस धरला यांत त्याचा दोष कसला? पण साधें अंकगणित करून पाहा. पाटानें पाणी दिल्यास उसाला वर्षाकाठीं पंचवीसच्या आसपास पाळ्या लागतात. करडई ओलीवर येते. तिला रोप महिन्याचें असतां एक आणि फुलाच्या सुमारास एक, अशा दोन पाळ्या मिळाल्या तर ती दुप्पट उमेदीनें उठते. एका एकर उसाच्या पाण्यांत निदान दहा एकर करडईच्या दोन-दोन पाळ्या निघतील. हे दहा एकर बहुधा त्या माळाकडील शेतकऱ्यांचे असतील, ज्यांच्या वाट्यास कालवा कधींच आला नाहीं. पाणी कोणाला द्यावें हा प्रश्न तेलबियांच्या प्रश्नांतच दडलेला आहे, तो असा.

आपण शहरांतले लोक यांत काय करणार, असें कोणी विचारील. आपण शेत नांगरणार नाहीं हें खरें. पण तेल आपणच विकत घेतों. करडईचें, तिळाचें, भुईमुगाचें तेल त्या त्या भागांतल्या घाण्यावर निघूं लागलें आणि आपण तें मागूं लागलों, तर तेल शहरांत येईल व पेंड गांवांतच राहील. तेथून ती दावणींत आणि दावणींतून शेतांत जाईल. तेल गेलें तरी चालेल. तें हवेचें व पाण्याचें देणें आहे, पुढच्या वर्षीं पुन्हां येईल. पेंड मात्र जाऊं देतां कामा नये. बारामती-इंदापुरच्या माळानें जें दीडशें वर्षांत सोसलें त्याचा सारांश मला तरी एवढाच दिसतो.